वाचकांचे प्रश्न : चौथऱ्यावरचा लेख आधी वाचावा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पुतळे, झेंडे आणि नावे बदलण्याच्या एकाच विषयाच्या अवतीभोवतीची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील एका लहान गावी अकरा वर्षे राहत आहेत. दोघांकडेही ग्रीन कार्ड आहे. तिथल्या न्यायालयाच्या दारात बंदूक टेकवून उभ्या असलेल्या कॉन्फेडरेट, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या, सैनिकाचा पुतळा आहे. माझ्या नातीची एक कृष्णवर्णीय मैत्रीण आहे. तिची आजी कामासाठी न्यायालयात गेली तरी नेहमी मागच्या दाराने जाते, असे नातीने घरी येऊन सांगितले. तेव्हापासून सुनेने शेजारच्या चौघीजणींना बरोबर घेऊन तो पुतळा तिथून हलवण्याची मोहीम हाती घ्यायचे ठरवले आहे. मला मात्र झोप लागत नाही. परक्या देशात आपण या वादात का पडावे? आणि ती ऐकणार नसेलच, तर हे काम रीतसर कसे करतात, तेवढे तरी सांगावे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपली काळजी अनाठायी नाही, आणि ती कुठे रास्त आहे ते पुढे लिहितोच. परंतु ‘आपण का पडावे’ हा प्रश्न पुण्यातून विचारला गेला आहे, म्हणून त्याचे उत्तरही पुण्यातच शोधले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले तेव्हा ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून त्या वेळी जेमतेम आठ वर्षे झाली होती. अमेरिकेचा किनाराही न पाहिलेल्या एका पुणेकराला तो लढा आपला वाटला. आपली सून तर त्या गावात घर करून राहते, तिथे कर भरते आणि तिची मुलगी तिथल्याच शाळेत जाते. तिला तो परका वाटत नाही, याचे मला मनापासून समाधान वाटते.

आता मूळ विषय. १८६०-६१ मध्ये दक्षिणेकडील अकरा राज्ये संघराज्यातून फुटली आणि त्यांनी कॉन्फेडरसी या नावाने वेगळा संघ स्थापन केला. हे सारे कशासाठी होते याविषयी आज कितीही वाद घातला जात असला, तरी त्या काळच्या पुढाऱ्यांनी स्वतः तो वाद ठेवलेला नाही. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथील भाषणात, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, या विचारावर आमच्या नव्या राज्याचा पाया घातला आहे, असे उघड सांगितले. युद्ध १८६५ मध्ये संपले आणि कॉन्फेडरसी हरली. पुतळे मात्र त्यानंतर लगेच उभे राहिले नाहीत. त्यांपैकी बहुसंख्य १८९० च्या आसपासपासून पुढच्या तीस-चाळीस वर्षांत उभे राहिले आणि त्यांतील कितीतरी पुतळ्यांसाठी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या स्त्रियांच्या संघटनेने वर्गणी जमवली. हाच काळ दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याचा होता. व्हर्जिनियाने १९०२ च्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि वाचन-आकलनाच्या अटी घालून ते काम केले. दाद मागायची, जमिनीचे दस्त नोंदवायचे, कज्जे सोडवायचे ती इमारत आणि तिच्या दारात हा सैनिक, अशी मांडणी त्या वर्षांत गावोगाव झाली. मैत्रिणीची आजी मागच्या दाराने का जाते, हे तुमच्या नातीला या तारखा शेजारी शेजारी मांडून दाखवल्या तर सहज कळेल.

म्हणून सुनेला माझा पहिला सल्ला असा, की सह्यांचा कागद तयार करण्याआधी वही घेऊन त्या चौथऱ्यापाशी जावे आणि चारही बाजूंचा लेख अक्षर न अक्षर उतरवून घ्यावा. कोणते वर्ष कोरले आहे, पैसा कोणी दिला, ‘आमच्या वीरांना’ असे लिहिले असेल तर ‘आमच्या’ म्हणजे कोणाच्या, हे सारे तिथेच मिळते. पुतळाही नीट पाहावा. त्या काळी असे सैनिक साच्यातून काढून कॅटलॉगवरून विकले जात. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट इथला जस्ताचे पुतळे ओतणारा एक कारखाना, म्हणजे उत्तरेकडचाच कारखाना, दोन्ही बाजूंना जवळजवळ तोच शिपाई विकत असे. फरक असे तो कमरपट्ट्याच्या बकलावरील अक्षरांचा आणि अशाच किरकोळ खुणांचा. आपल्या पणजोबांचा चेहरा त्या पुतळ्यात आहे असे मनापासून मानणाऱ्या गावकऱ्याला ही माहिती हळूच, अपमान न करता सांगितली, तर तो निदान थांबून विचार तरी करतो.

त्यानंतर अनावरणाच्या दिवशीची भाषणे शोधावीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या अमेरिकी वृत्तपत्रांची लाखो पाने विनामूल्य खुली ठेवली आहेत. गावाचे नाव आणि वर्ष घातले की बहुधा हाती काहीतरी लागते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील आवारात ‘सायलेंट सॅम’ नावाचा असाच एक सैनिक होता. १९१३ मध्ये त्याच्या अनावरणाच्या वेळी ज्युलियन कार या उद्योगपतीने केलेल्या भाषणाची प्रत विद्यापीठाच्याच कागदपत्रांत पडून होती. याच ठिकाणाजवळ आपण एका कृष्णवर्णीय स्त्रीला तिच्या कपड्यांच्या चिंध्या होईपर्यंत चाबकाने फोडले होते, अशी फुशारकी त्याने त्या भाषणात मारली आहे. ते भाषण लोकांसमोर आल्यावर ‘हा फक्त मेलेल्यांचा स्मृतिस्तंभ आहे’ असे म्हणणे फार अवघड झाले. कोणत्याही घोषणेपेक्षा असा एक जुना कागद अधिक काम करतो.

दुसरी गोष्ट जागेच्या मालकीची आणि कायद्याची. चौथऱ्याखालची जमीन काऊंटीची (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाची) आहे की एखाद्या संघटनेला दिलेली आहे, हे दस्त पाहून नक्की करावे. यातच पुढचे निम्मे वाद असतात. राज्याराज्याचा कायदा निराळा आहे. अलाबामात २०१७ च्या कायद्याने जुनी स्मारके हलवण्यास बंदी घातली, आणि तरीही बर्मिंगहॅम शहराने २०२० मध्ये आपला स्तंभ काढला तेव्हा त्याला पंचवीस हजार डॉलरचा दंड सोसावा लागला. टेनेसीत मेम्फिस शहराने डिसेंबर २०१७ मध्ये दोन उद्यानेच प्रत्येकी एक हजार डॉलरला एका ना-नफा संस्थेला विकली आणि खासगी झालेल्या त्या जागेतील पुतळे त्याच रात्री उतरले. व्हर्जिनियात अशा वळणांची गरज उरलेली नाही. १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा निर्णय स्थानिक लोकनियुक्त मंडळाकडे दिला आहे. मंडळाने आधी सूचना प्रसिद्ध करायची, किमान तीस दिवसांनी जाहीर सुनावणी घ्यायची, मग मतदान करायचे, आणि ठराव झाला तर पुढचे तीस दिवस एखादे संग्रहालय, इतिहास मंडळ किंवा रणभूमी तो पुतळा नेण्यास तयार आहे का हे पाहायचे, असा त्याचा क्रम आहे. शेवटचा निर्णय मंडळाचाच. दफनभूमीतील स्मारकांना हा कायदा लागू नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. मेलेल्या मुलाच्या थडग्याशी कोणाचे भांडण असू नये. मंडळाला लोकांचा कौलही मागता येतो. २०२० च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियातील काही काऊंट्यांनी तो मागितला आणि तो पुतळे आहेत तिथेच ठेवावेत असा आला, हेही सुनेला माहीत असावे. न्याय आपल्या बाजूला आहे म्हणून मतेही आपोआप आपल्या बाजूला येतील, असे गृहीत धरले की मोहीम पहिल्याच पावसात वाहून जाते.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे पुढे कोणी उभे राहायचे. ज्या आजीने आयुष्यभर मागचे दार वापरले तिला विचारल्याखेरीज एक पाऊलही टाकू नये. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जावे, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून काम करणाऱ्या एनएएसीपी या संस्थेची शाखा जवळपास असेल तर तिथे जावे, खुर्ची मागे घेऊन बसावे आणि ऐकावे. कदाचित ते म्हणतील, की पुतळ्यापेक्षा शाळेच्या बसचा प्रश्न आम्हाला आधी सोडवायचा आहे. तसे असेल तर आधी बसचा प्रश्न. व्हर्जिनियातीलच शार्लट्सव्हिल येथे २०१६ मध्ये कॉन्फेडरसीचे सेनापती जनरल रॉबर्ट ली यांचा पुतळा हलवण्याचा अर्ज झायाना ब्रायंट या शाळकरी कृष्णवर्णीय मुलीने केला होता. अर्ज तिचा होता, म्हणूनच त्याला वजन होते.

विरोधकांशी बोलताना त्यांच्या घरातलीच साक्ष काढावी. कॉन्फेडरसीचेच दुसरे सेनानी जनरल स्टोनवॉल जॅक्सन यांच्या दोन खापरपणतवंडांनी ऑगस्ट २०१७ मध्ये रिचमंडच्या महापौरांना खुले पत्र लिहून आपल्याच पूर्वजाचा पुतळा काढण्याची विनंती केली. स्वतः रॉबर्ट ली यांनी युद्धानंतर लिहिलेल्या एका पत्रात युद्धाच्या जखमा उघड्या ठेवण्यापेक्षा त्याच्या खुणा मिटवणाऱ्या देशांचे अनुकरण करावे, असे म्हटले आहे. मंडळाच्या बैठकीत बोलायला बहुतेक ठिकाणी तीनच मिनिटे मिळतात. त्या तीन मिनिटांत एकाने लेखाचे वर्ष सांगावे, दुसऱ्याने दस्ताचा मुद्दा मांडावा, तिसऱ्याने पुतळा कुठे न्यायचा आणि क्रेनचा खर्च कसा उभा करायचा ते सांगावे. त्या आजी बोलायला तयार असतील तर त्यांना शेवटी बोलू द्यावे, आणि त्या बोलल्यावर आपल्यापैकी कोणीही पुन्हा उभे राहू नये.

आता आपल्या काळजीविषयी. शार्लट्सव्हिलच्या नगरपरिषदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ठराव केला. त्याविरुद्ध त्याच वर्षी १२ ऑगस्टला वर्णवर्चस्ववादी बाहेरगावांहून तिथे जमले, आणि त्यांना विरोध करणाऱ्यांच्या गर्दीत त्यांच्यापैकी एकाने मोटार घातली, त्यात हेदर हायर ही तरुणी मरण पावली. पुतळा प्रत्यक्षात उतरला तो जुलै २०२१ मध्ये, आणि वितळवला गेला ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे एका शाळकरी मुलीच्या अर्जापासून साडेसात वर्षे. सुनेने घरचा पत्ता कुठल्याही पत्रकावर छापू नये, एकटीने सह्या मागत फिरू नये, धमकी आली तर ती जपून ठेवून पोलिसांत नोंदवावी. ग्रीन कार्डधारकाला बोलण्याचा, अर्ज करण्याचा, सभेत उभे राहण्याचा हक्क आहे, मतदानाचा नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा मात्र त्यांच्या तिथे राहण्यावरच गदा आणू शकतो, म्हणून रंग फासणे, दोर लावणे अशा कोणत्याही गोष्टीच्या जवळपासही तिने नसावे. जून २०२० मध्ये व्हर्जिनियातीलच पोर्ट्समथ येथे जमावाने ओढलेला पुतळा एका निदर्शकाच्या डोक्यावर पडून तो गंभीर जखमी झाला. धातूच्या पुतळ्याला कोण आपले आणि कोण परके हे कळत नाही. त्याला खाली आणणे हे क्रेनवाल्याचे काम आहे. या चौकटीत राहून ती काम करणार असेल, तर तिला फोनवर अडवू नका. पुतळ्याची हकीकत विचारा. तिला ती सांगायला आवडेल.

प्रश्न : माझ्या मित्राने एक जॅकेट घेतले. पाठीवर लाल झेंडा, त्यावर निळी तिरकी फुली आणि पांढरे तारे. मी त्याला हा वाईट झेंडा आहे म्हणालो तर तो म्हणतो, ही नुसती बंडखोरपणाची खूण आहे, तू उगाच ताणतोस. त्याला काय सांगू?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : ते बंड कशासाठी होते, एवढेच त्याला सांगा. हा कॉन्फेडरसीच्या सैन्याचा रणध्वज. युद्धानंतर तो पुन्हा जोमाने वर आला तो १९४८ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांना विरोध करण्यासाठी दक्षिणेत निघालेल्या पक्षाच्या सभांतून. आणि दक्षिण कॅरोलायनाच्या विधानभवनावर तो चढला तो १९६० नंतर, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना. १७ जून २०१५ रोजी त्याच राज्यात, चार्ल्सटन येथील चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका तरुणाने गोळ्या घातल्या. त्याची छायाचित्रे मिळाली त्यांत त्याच्या हातात हाच झेंडा होता. दहा दिवसांनी ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी विधानभवनासमोरच्या तीस फूट खांबावर चढली आणि तिने तो उतरवला. तिला अटक झाली आणि झेंडा तासाभरात पुन्हा चढला. १० जुलैला मात्र विधिमंडळाच्या निर्णयाने तो कायमचा खाली आला.

तुमच्या मित्राला यातले काही ठाऊक नव्हते, हे मी मान्य करतो. आता ठाऊक झाले. तो झेंडा बहुधा वरून शिवलेला असेल. कुठल्याही अल्टरवाल्याकडे तो दहा मिनिटांत उसवून मिळेल, जॅकेट टाकून देण्याची गरज नाही.

प्रश्न : मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पुतळे हलवणे आणि नावे बदलणे म्हणजे इतिहास पुसणे, असे माझे प्रामाणिक मत आहे. संभाजी उद्यानातील राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा फोडून नदीत टाकल्याची बातमी ज्या सकाळी आली ती सकाळ मी विसरलेलो नाही. अमेरिकेतील अशा मोहिमांचे समर्थन केले, तर उद्या इथे कोणीही उठून कोणताही पुतळा काढील, त्याला आवर कोण घालणार?
— निवृत्त शिक्षक, नारायण पेठ

उत्तर : सर, जानेवारी २०१७ मधील ती सकाळ मलाही विसरता आलेली नाही, आणि ते कृत्य मला तेव्हाही अमान्य होते, आजही आहे. ज्या गोष्टीचा निर्णय चौघांनी रात्री केला, जिच्यावर कोणाची हरकत ऐकली गेली नाही आणि जिच्यातून नदीतले तुकडे सोडून काही उरले नाही, तिला मोहीम म्हणता येत नाही. त्याआधी डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातील दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेने मुख्य सभेत ठराव करून हलवला, पण तोही अंधारात, बंदोबस्त लावून. त्या दोन्ही प्रसंगांतील इतिहासाच्या वादात मी इथे शिरत नाही. कागद होता की नव्हता आणि उजेड होता की नव्हता, एवढेच पाहू. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात २०१५ च्या डिसेंबरात सुनावण्यांनंतर सहा विरुद्ध एक मताने कॉन्फेडरसीची स्मारके काढण्याचा ठराव झाला, सव्वा वर्षाहून अधिक काळ न्यायालयांत दावे चालले, धमक्यांमुळे पहिले स्मारक एप्रिल २०१७ मध्ये कामगारांना चेहरे झाकून रात्री उतरवावे लागले; परंतु शेवटचा, लींचा पुतळा, १९ मे रोजी शहराने दिवसाढवळ्या लोकांसमोर उतरवला. त्या उजेडाला मी महत्त्व देतो.

इतिहास पुसला जातो का, याचे उत्तर आपण रोज पिशवी घेऊन जिथे जात असाल त्या मंडईत आहे. ती इमारत बांधली गेली तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. रे साहेब यामुळे इतिहासातून गेले का? उलट हे नाव बदलले म्हणूनच ही हकीकत सांगण्यासारखी झाली. मुंबईत सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी लोक त्या जागेला आजही काळा घोडाच म्हणतात. आपण तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला तो पुस्तकांतून, कागदांतून, प्रश्न विचारून. पुतळ्याचे काम वेगळे असते. तो मान देतो, आणि कोणाला मान द्यायचा हे प्रत्येक पिढीला पुन्हा ठरवण्याचा अधिकार आहे, अशी माझी ठाम धारणा आहे.

मात्र आपली भीती मी झटकून टाकत नाही. व्हर्जिनियातील शेनान्डोआ काऊंटीच्या शाळा मंडळाने २०२० मध्ये जॅक्सन यांचे नाव असलेल्या शाळेचे नाव बदलले. लोकांना पुरेसे विचारले नाही, ही सल गावात राहिली, आणि मे २०२४ मध्ये नव्या मंडळाने पाच विरुद्ध एक मताने जुने नाव परत आणले. ते परत येणे मला दुःखदायक वाटते; त्या शाळेत बसणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा विचार मनात येतो. पण घाईने केलेले काम उसवायला सोपे असते, हे तिथे खरे ठरले.

प्रश्न : आमचे गाव हवेली तालुक्यात आहे. आमच्या वस्तीचे नाव जातीवरून आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहिण्याचाच मला कंटाळा आला आहे. बसथांब्यावर, वीजबिलावर, शाळेच्या दाखल्यावर तेच. नोकरीच्या अर्जात पत्ता लिहिला की मुलाखतीआधीच माझी जात समोरच्याला कळलेली असते. सरकारने अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला असे ऐकले होते. संबंधित कार्यालयात दोनदा गेलो, तोंडी सांगून पाहिले, काही झाले नाही. आम्ही सात-आठ मुले आहोत. काय करावे?
— एक वाचक, हवेली तालुका

उत्तर : तुमचे पत्र आणि कोथरूडच्या बाईंचे पत्र मी एकाच दिवशी वाचले. त्या आजींना मागचे दार वापरावे लागते आणि तुम्हाला मात्र पत्त्याच्या रकान्यातून पळवाटही नाही.

तुम्ही ऐकले ते खरे आहे. राज्य मंत्रिमंडळाने २ डिसेंबर २०२० रोजी वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि त्याच महिन्यात सामाजिक न्याय विभागाने शासन निर्णय काढला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे सरकारने सुचवले होते. शासनाच्या संकेतस्थळावरून त्या निर्णयाची प्रत काढून घ्या. तोंडी सांगण्याचा काळ संपला, असे समजा. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, सोबत प्रत जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असे उत्तर मिळाले तरी पोच ही आवक करणाऱ्यानेच द्यायची असते, साहेबांनी नव्हे. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा : आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात भाषण नको, रागही नको; तारीख आणि क्रमांक पुरेसा आहे.

ठराव ग्रामसभेत होईल, पण तो जिंकायचा तुमच्या वस्तीत. तुम्ही सात-आठ मुले आहात, आणि कदाचित सगळेच शिकलेले. वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचाराल तर ती म्हणेल, की याच नावाच्या वस्तीत मी लग्न होऊन आले, इथेच माझी माणसे गेली, नाव बदलून काय मिळणार. तिला अडाणी समजू नका. तिच्यापाशी बसा, नाव कसे पडले, आधी वस्ती कुठे होती, पाणी कुठून आणावे लागे, ते लिहून घ्या; हे तुमच्या चौथऱ्यावरच्या लेखाचे वाचन आहे. नवे नावही तिच्याच तोंडून आले तर उत्तम. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा होते, तिथे हा विषय आधी घ्यायला लावा. गावातल्या इतर आळ्यांतील चार माणसे, विशेषतः शाळेतले शिक्षक आणि डेअरीचा चेअरमन यांच्यासारखी ज्यांचे शब्द ऐकले जातात अशी, ठरावाला अनुमोदन देण्यासाठी आधीच तयार ठेवा. विषयपत्रिकेत नाव बदलाचा विषय लेखी आलेला आहे ना, हे सभेच्या आठवडाभर आधी जाऊन पाहा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात तो ढकलला गेला तर पुढच्या सभेपर्यंत थांबावे लागेल.

ठराव झाला की लोक पेढे वाटतात आणि घरी जातात. खरे म्हणजे निम्मे काम तिथून सुरू होते. बसथांबा, वीजबिल, रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, शाळेचा रजिस्टर, मतदार यादी, मोबाइलवरचा नकाशा, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज लागतो. सात जणांनी सात ठिकाणे वाटून घ्या. नकाशावरचे नाव विसरू नका. आज घरपोच सामान आणणारा मुलगा आणि रुग्णवाहिकेचा चालक, दोघेही तेच नाव वाचून येतात.

आणि पाटीविषयी एक अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वस्तीत असाच बदल झाला, पण ज्यांच्याकडे काम होते त्यांनी जुन्याच पत्र्यावर ऑइलपेंटचा एक पातळ हात मारून वर नवे नाव लिहिले. दुसऱ्या पावसाळ्यात रंग पोपडे धरून सुटला आणि नव्या नावाच्या खालून जुनी अक्षरे वर आली. दोन नावे एकमेकांत मिसळलेली ती पाटी पाहून वस्तीतली एक मुलगी रडल्याचे मला आठवते. तेव्हा शक्य असेल तर पत्राच नवा घ्या. जुनाच वापरायचा असेल, तर तो काचकागदाने पार धातू दिसेपर्यंत घासायला सांगा, वर रेड ऑक्साइड, ते पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन हात, आणि मग अक्षरे. घासण्याआधी मात्र जुन्या पाटीचा तारखेसह एक स्वच्छ फोटो काढून ठरावाच्या फाइलला लावून ठेवा.